भरतकामाचा ट्रे किती जुना, कुठला? ओळखायची सुरुवात मागच्या बाजूने

लाकडी चौकट, दोन बाजूंना पितळी मुठी, मध्ये काच आणि काचेखाली रेशमाने भरलेली फुलं. असा ट्रे हाती आला की नजर आधी फुलांवर जाते आणि "शंभर वर्षं तरी जुना असेल" असं सहज बोललं जातं. असेलही. पण ते फुलांवरून ठरत नाही. हे ओळखायचं काम नव्याने शिकणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं एवढंच असतं, की ट्रे पालथा करा आणि समोरची बाजू थोडा वेळ विसरा.

असा ट्रे ही एकच वस्तू नसते. भरतकाम एकाने केलेलं असतं, चौकट दुसऱ्याने जोडलेली असते, काच आणि पाठीची फळी कधीतरी तिसऱ्याने बदललेली असते. या तिन्हींचं वय वेगळं असू शकतं आणि देशही. म्हणून "ट्रे किती जुना?" हा प्रश्न फोडून विचारायचा: कापड किती जुनं, भरतकाम किती जुनं, चौकट किती जुनी, आणि हे सगळं एकत्र कधी आलं?

पुढच्या प्रत्येक पायरीला एक नियम लागू आहे. जोडणी तिच्यातल्या सर्वात नव्या मूळ भागाहून जुनी असू शकत नाही. १८८० सालचं भरतकाम हार्डबोर्डच्या पाठीवर ताणलेलं असेल आणि ती पाठ मूळचीच असेल, तर ट्रे १९२४ नंतरचा, कारण हार्डबोर्डचा शोधच त्या वर्षी लागला. उलट बाजूने मात्र हा नियम चालत नाही. ट्रेमध्ये एखादा जुना भाग सापडला म्हणून अख्खा ट्रे जुना ठरत नाही, कारण जुनं कापड आणि जुनं लाकूड कुणीही कधीही वापरू शकतं. नवशिक्यांचे बहुतेक चुकीचे अंदाज इथेच होतात.

जवळ काय असावं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटा टॉर्च, मोजपट्टी, बोथट टोकाचा चिमटा, सुती किंवा नायट्राइल हातमोजे आणि फोटो काढायला मोबाइल. ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च मिळाला तर उत्तम. काहीही हलवण्याआधी चारी बाजूंचे, कोपऱ्यांचे आणि पाठीचे फोटो काढून ठेवा. कुठला खिळा कुठे होता हे नंतर आठवत नाही, आणि खिळ्याची जागा हाही पुरावा असतो.

पाठीला गडद हिरवा जुना कागद चिकटवलेला दिसला तर हातमोजे काढू नका आणि तो कागद घासू नका. एकोणिसाव्या शतकातल्या काही हिरव्या रंगांत आर्सेनिक असे.

हा मुळात ट्रेच होता का?

बरेच ट्रे आधी भिंतीवरची चौकट होते, आणि मुठी व पाय नंतर बसवले गेले. चौकटीच्या वरच्या कडेला, मध्यभागापासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर, हुकाची जुनी भोकं दिसतात का पाहा. ती मेण किंवा लांबी (पुट्टी) भरून बुजवलेली असतात. टॉर्च आडवा धरला की पॉलिशखालचा खळगा उठून दिसतो.

मग मुठीकडे या. मूठ पहिल्यापासून तिथेच असेल तर तिच्या बैठकीखालचं लाकूड बाजूच्या लाकडापेक्षा वेगळ्या रंगाचं असतं, कारण तिथे उजेड पोचलेला नसतो. तळाच्या कडा आणि पाय झिजलेले असतात, आणि ती झीज सगळीकडे सारखी नसते. ट्रे ज्या बाजूने ओढला जाई ती बाजू जास्त घासली जाते. चारी कोपऱ्यांना एकसारखे ओरखडे दिसले तर ते सँडपेपरचे असण्याची शक्यता जास्त.

मुठींवरून सालाचा अंदाजही येतो. चकचकीत क्रोम मुलामा वस्तूंवर १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दिसायला लागला. बेकेलाइटच्या (सुरुवातीच्या कडक प्लास्टिकच्या) काळ्या-तपकिरी मुठी १९०९ नंतरच्या, आणि घरगुती वस्तूंत त्या रुळल्या पुढच्या दोन-तीन दशकांत. पितळावरून मात्र काही ठरत नाही. पितळी मूठ कोणत्याही काळातली असू शकते.

पाठ वाचा

सर्वात जास्त वेळ इथे द्या. समोरची बाजू पाहणाऱ्यासाठी सजवलेली असते. पाठ सजवायचे कष्ट सहसा कुणी घेत नाही.

आधी पाठ कशाची आहे ते पाहा. सबंध लाकडाची पातळ फळी असेल तर ती जुन्या काळाशी सुसंगत आहे. चौकटींच्या पाठीला प्लायवूड सर्रास लागायला लागलं विसाव्या शतकात. हार्डबोर्डची एक बाजू गुळगुळीत असते आणि दुसरीवर जाळीचा ठसा असतो, तो १९२४ नंतरचा. एमडीएफ १९६०च्या दशकापासून. एमडीएफ ओळखायला कड पाहा: ना रेषा ना थर, सगळीकडे सारखाच तपकिरी भुगा दाबल्यासारखा.

मग पाठ कशाने बसवली आहे ते पाहा. चौकोनी छेदाचे, कापून केलेले खिळे जुने. तारेपासून केलेले गोल छेदाचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वत्र पसरले. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३०च्या दशकाच्या मध्यानंतरचे. सरळ एका खाचेचा स्क्रू आजही मिळतो, त्यामुळे तो पाहून खूश होऊ नका. पण त्याची खाच डोक्याच्या नेमक्या मध्यावर नसेल आणि टोक बोथट असेल, तर तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या घडणीचा असू शकतो. पाठीला तारेचे स्टेपल मारलेले असतील तर ते काम बहुधा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. पारदर्शक चिकटपट्टी १९३० मध्ये बाजारात आली. ती जुनी झाली की पिवळी-तपकिरी होऊन सुटते आणि डिंक कागदावर राहतो.

हे खिळे आणि स्क्रू मूळचे की दुरुस्तीतले, हा प्रश्न इथे सर्वात महत्त्वाचा. खिळ्याशेजारी रिकामी भोकं असतील तर पाठ एकदा तरी उघडली गेली आहे. लोखंडी खिळा बराच काळ एका जागी राहिला की त्याच्याभोवती लाकडात काळपट डाग धरतो. स्वच्छ लाकडात गंजलेला खिळा दिसला तर तो दुसरीकडून आणून ठोकलेला असू शकतो. आणि भोवती काळा डाग पण भोकात नवा चकचकीत खिळा, तर दुरुस्ती झाली आहे. अशा वेळी पाठीवरून काढलेलं साल फक्त दुरुस्तीला लागू होतं, ट्रेला नाही.

पाठ सहज निघत असेल तरच काढा. कापड फळीला चिकटवलेलं असेल किंवा रेशीम चिरत असेल तर तिथेच थांबा. कापड वाचवायचं काम वस्त्रसंवर्धन करणाऱ्यांचं आहे.

उघडल्यावर आत भर म्हणून पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र घातलेलं बऱ्याचदा सापडतं. वर्तमानपत्रावरची तारीख म्हणजे "त्या दिवसानंतर कधीतरी". रद्दी वर्षानुवर्षं पडून राहते, पण पुढच्या वर्षाचं वर्तमानपत्र आज कुणाच्या हाती येत नाही. भाषा आणि गावाचं नाव मात्र जोडणी कुठे झाली याचा चांगला धागा देतात. चौकट करणाऱ्याची चिठ्ठी असेल तर तिचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्या, पत्ता आणि टेलिफोन नंबरसकट. नंबरात किती आकडे आहेत यावरूनही काळ कळतो. अमेरिकेच्या पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर चिठ्ठी १९६३ नंतरची.

आता कापडाची मागची बाजू पाहा. लाकडातली आम्लं वर्षानुवर्षं झिरपत राहिली की फळीच्या रेषा कापडावर तपकिरी उमटतात, कधीकधी गाठीच्या वर्तुळासकट. फळी आणि कापड समोरासमोर धरून ते ठसे जुळतात का पाहा. जुळले तर ही फळी आणि हे कापड खूप काळ एकत्र राहिले आहेत. ट्रे मूळ जोडणीतला आहे हे सांगणारा याच्याइतका भरवशाचा पुरावा मी मानत नाही, कारण हे ठसे घाईने करता येत नाहीत. चहाच्या पाण्यात बुडवून "जुनं" केलेलं कापड सगळीकडे सारखं तपकिरी असतं, घड्यांत जरा जास्त. चौकटीच्या खोबणीत झाकलेली पट्टीही तितकीच तपकिरी असते. खरं जुनेपण असं सारखं पसरत नाही.

काच

खिडकीचं प्रतिबिंब काचेत पाहत ट्रे हळूहळू हलवा. प्रतिबिंब लाटांसारखं वाकत गेलं तर काच जुन्या पद्धतीची. पिल्किंग्टन कंपनीने फ्लोट काचेची पद्धत १९५९ मध्ये जाहीर केली, आणि त्यानंतरच्या काचेत प्रतिबिंब सपाट राहतं. काचेऐवजी अॅक्रिलिकचा तुकडा असेल तर तो १९३०च्या दशकापासून पुढचा. पण काच फुटते आणि बदलली जाते, त्यामुळे तिच्या साक्षीला फार वजन देऊ नये. लाटांची काच ही जमेची बाजू. सपाट काच आहे म्हणून ट्रे नवा ठरत नाही.

धागा

भरतकामाचं वय ठरवताना नक्षीपेक्षा धागा कितीतरी जास्त सांगतो.

रेशमाची चमक खोल असते, कोन बदलला की बदलते. रेयॉनची, म्हणजे कृत्रिम रेशमाची, चमक काचेसारखी, उथळ आणि सगळीकडे सारखी. त्याचे तंतू मोकळ्या टोकाला ताठ पसरतात आणि धागा ओला झाला की कमजोर होतो. व्हिस्कोस रेयॉनचं व्यापारी उत्पादन इंग्लंडमध्ये कव्हेंट्री इथे १९०५ मध्ये सुरू झालं आणि भरतकामाच्या धाग्यांत त्याचा बोलबाला झाला १९२० आणि ३०च्या दशकांत. काचेखालच्या ट्रेंनाही त्याच काळात युरोपात मोठी मागणी होती. त्यामुळे "जुन्या चिनी रेशमाचा" म्हणून आलेल्या ट्रेमध्ये रेयॉन सापडलं तर एकोणिसावं शतक लगेच बाद करा.

सुती धागा चमकदार असेल तर तो मर्सराइज्ड आहे. सुताला कॉस्टिक सोड्याने बळ येतं हे जॉन मर्सरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात दाखवलं होतं, पण धागा ताणून धरत ही प्रक्रिया केली की चमक येते हे १८९० मध्ये होरेस लो याने साधलं. चमकदार सुती धागा त्यानंतरचा. नायलॉन १९३८ मध्ये जाहीर झालं. पॉलिस्टर धागा सर्रास मिळू लागला १९५०च्या दशकापासून पुढे.

जळण्याची चाचणी बरेच जण सुचवतात. करायचीच असेल तर मागच्या बाजूला सुटून लोंबणाऱ्या टोकाचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा चिमट्यात धरून, ट्रेपासून लांब. समोरच्या टाक्याला कधीही हात लावू नका. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. सुती आणि रेयॉन कागदासारखे जळतात. पॉलिस्टर, नायलॉन आणि अॅसिटेट वितळून कडक मणी होतो. रेशीम जळूनही धाग्याचा आकार राखेत तसाच राहिला, तर ते धातूच्या क्षारांनी वजन वाढवलेलं रेशीम. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९३०च्या दशकापर्यंत ही पद्धत जोरात होती. असं रेशीम हात न लावताही उभ्या-आडव्या रेषेत चिरत जातं. ट्रेच्या पार्श्वभूमीचं कापड असं चिरलेलं असेल तर तो वापराचा दोष मानू नका, तो काळाचा पत्ता आहे.

जरीचा धागा भिंगाखाली अवश्य पाहा. चीन आणि जपानच्या पारंपरिक कामात सोनेरी मुलामा दिलेल्या कागदाची अरुंद पट्टी रेशमी गाभ्याभोवती गुंडाळलेली असते. झिजलेल्या जागी कागदाची फाटलेली कड आणि मुलाम्याखालचा लालसर थर दिसतो. भारतीय, तुर्की आणि युरोपीय कामात बहुधा धातूचीच चपटी तार गाभ्याभोवती असते. ती काळवंडते, पण कागदासारखी फाटत नाही. स्प्रिंगसारखी वळवलेली पोकळ तार तुकडे करून मण्यासारखी शिवलेली असेल तर ते जरदोजीच्या घराण्यातलं काम. आणि वर्षं लोटूनही झगझगीत राहिलेली, काळवंडायचं नाव न घेणारी, नखाला प्लास्टिकसारखी लागणारी जर दुसऱ्या महायुद्धानंतरची समजा. एक सावधगिरी बाळगा: पूर्व आशियातला कागदी सोनेरी धागा युरोपातल्या भरतकाम करणाऱ्यांनीही आयात करून वापरला आहे. म्हणजे धागा तिथला असला म्हणून काम तिथलंच, असं नाही.

हाताचं की यंत्राचं?

"यंत्राचं आहे म्हणजे नवं" हा समज काढून टाका. जोस्युए हाइलमानने म्युल्हाउसमध्ये भरतकामाचं यंत्र १८२८ मध्ये केलं. इझाक ग्रोब्लीचं शिफली यंत्र १८६३चं, आणि स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनचा भरतकामाचा धंदा त्यावर फोफावला. साखळी टाका घालणारं यंत्र फ्रान्समध्ये १८६०च्या दशकातच आलं. यंत्रावरचं काम दीडशे वर्षांचंही असू शकतं.

ओळखायला पुन्हा मागची बाजू. शिफली आणि नंतरच्या बहुतेक यंत्रांत दोन धागे असतात, वरचा रंगीत आणि खालचा बॉबिनचा, बहुधा पांढरा. मागे प्रत्येक टाक्याखाली हा पांढरा धागा दिसला तर प्रश्न मिटला. हाताच्या कामात मागेही तोच रंग असतो. धागा एका पाकळीवरून दुसरीकडे तिरका नेलेला असतो, टोकं टाक्यांखाली दडवलेली असतात आणि कुठेतरी गाठ सापडते. हाइलमानच्या यंत्रात मात्र दोन टोकांची सुई आणि एकच धागा असे, त्यामुळे ते काम मागूनही हाताचं वाटतं. तिथे पुनरावृत्ती पाहा. एकाच फुलात एकच टाका तसाच चुकलेला आणि ती चूक ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा येत असेल तर यंत्र.

आरीने (हुकासारख्या टोकाच्या सुईने) हाताने घातलेली साखळी आणि यंत्राची साखळी यांत नवखे नेहमी अडकतात. दोन्ही वरून सारख्या दिसतात, दोन्हींच्या मागे सलग रेघ असते. मी वळणं पाहते. हात वळणावर टाका आखूड करतो आणि सरळ रेषेत मोकळा सोडतो. यंत्र शेवटपर्यंत टाक्याची लांबी बदलत नाही.

टाक्यांखालच्या रेघा आणि कापड

भिंगातून टाक्यांच्या कडेला निळी किंवा पिवळसर रेघ डोकावते का पाहा. ती इस्त्रीने उमटवायच्या नक्षीची रेघ. असे कागद एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत निघाले आणि पुढे मासिकांबरोबर घरोघरी पोचले. रेघ दिसली तर घरी बसून केलेल्या कामाची शक्यता मोठी. रेघेऐवजी बारीक ठिपक्यांची ओळ असेल तर टोचलेल्या कागदावरून पूड झटकून नक्षी उतरवली आहे. ही कारखान्यांची रीत, एकच नक्षी पुन्हा पुन्हा काढायची असते तेव्हाची.

जाळीदार कॅनव्हासवर लोकरीने मोजून भरलेली फुलं, कुत्री किंवा धार्मिक चित्रं असतील तर बर्लिन पद्धतीचा विचार करा. चौकड्यांच्या कागदावर रंगवलेले नमुने बर्लिनमधून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघू लागले आणि १८३० ते १८७० या काळात त्यांनी युरोप-अमेरिका व्यापली. कॅनव्हासवरच रंग छापलेला दिसला तर तो बहुधा विसाव्या शतकातला तयार संच.

यूव्ही टॉर्च अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूवर मारा. कापड किंवा धागा निळसर-पांढरा झळाळला तर त्यात कापड उजळ दाखवणारी रसायनं आहेत, आणि ती १९४०च्या दशकापासूनची. पण जुनं कापड आजच्या साबणाने धुतलं तरी ते असंच झळाळतं. म्हणून फक्त धागा चमकतो की फक्त कापड, की सगळं मिळून, हे पाहा. कापड मंद आणि एकाच रंगाचा धागा झळाळणारा असेल तर त्या जागी नंतर भरलेलं आहे.

रंग

समोरचा आणि मागचा रंग शेजारी शेजारी पाहा. जांभळा मागे भडक आणि समोर राखाडी-तपकिरी झाला असेल तर तो सुरुवातीच्या कृत्रिम रंगांपैकी असू शकतो. विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा १८५६ मध्ये काढला, आणि पुढच्या दशकांतले असे बरेच रंग उजेडात टिकले नाहीत. यावरून एवढंच ठरतं, की काम १८५६ नंतरचं. समोर-मागे काहीच फरक नसेल तर ट्रे अंधारात राहिला असेल, रंग पक्के असतील, किंवा तो फार जुना नसेल.

नक्षी सर्वात शेवटी

नक्षी नंतर कधीही पुन्हा वापरता येते, म्हणून तिच्यावरून फक्त सुरुवातीची मर्यादा ठरते. इजिप्शियन भुंगे आणि कमळं भरलेले ट्रे बरेचदा १९२२ मध्ये तुतनखामनची कबर सापडल्यानंतरच्या लाटेतले असतात. घेरदार झगा आणि मोठी टोपी घालून फुलबागेत उभी असलेली बाई पाहून लोक ट्रे १८६०चा ठरवतात. झगा त्या काळाचा आहे, पण इंग्लंडमध्ये ही नक्षी घरोघरी भरली गेली ती १९२० ते १९४०च्या दशकांत. भरतकामातच साल घातलेलं असेल तर त्या आकड्यांचे टाके भिंगाखाली मागून-पुढून तपासा. एखादा आकडा उसवून बदललेला असेल तर जुन्या सुईची भोकं शेजारी दिसतात.

कुठला?

इथे एका खुणेवर कधीही निकाल देऊ नका. तीन जुळल्या तर बोला.

चिनी रेशमी कामात पीळ नसलेलं रेशीम, एकमेकांना चिकटून घातलेले सपाट टाके आणि दोन पाकळ्यांमध्ये कापडाची केसाएवढी मोकळी रेघ सोडलेली दिसते. बारीक गाठींनी भरलेली फुलंही असतात. जपानी कामात पिळाचं आणि बिनपिळाचं रेशीम एकाच चित्रात येतं आणि रिकामी जागा भरपूर असते. कच्छ-सिंध भागातलं काम आरशांवरून ओळखू येतं. जुने आरसे फुगवलेल्या काचेचे, किंचित वाकलेले आणि कडांना वेडेवाकडे. नवे एकसारखे गोल आणि सपाट. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचं काम पातळ कापडावर, कातरून केलेल्या भोकांच्या कडा भरलेलं, आणि काही नगांवर शिशाचं छोटं सील लटकलेलं असतं. व्हिएन्नाचं पेटी पॉइंट (कॅनव्हासवर बारीक तिरक्या टाक्यांचं काम) इतकं बारीक असतं, की टाके मोजायला भिंगच लागतं.

एक उदाहरण घेऊ. काळ्या लाखेच्या चौकटीत निळ्या रेशमाची अरुंद उभी पट्टी, तिच्यावर गाठींच्या टाक्यांत फुलपाखरं, भोवती कागदी सोनेरी धागा. पट्टीच्या दोन्ही लांब कडांना जुन्या शिवणीची भोकं आणि मध्ये आडवी घडी. ही पट्टी ट्रेसाठी भरलेलीच नाही, ती चिनी झग्याच्या बाहीची पट्टी आहे. छिंग राजवट १९१२ मध्ये संपली, तसे दरबारी आणि जुन्या धाटणीचे कपडे मोठ्या प्रमाणात विकले गेले. त्यांच्या बाह्यांच्या पट्ट्या आणि अधिकाऱ्यांचे छातीवरचे चौकोनी बिल्ले परदेशी गिऱ्हाइकांसाठी ट्रे, पर्स आणि चौकटींत बसवले गेले. आता याच ट्रेची पाठ प्लायवूडची, खिळे गोल तारेचे, आणि फळीच्या रेषांचा ठसा रेशमाच्या मागे उमटलेला असेल, तर भरतकाम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं आणि जोडणी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतली, असं म्हणायला आधार आहे. "छिंग काळातला ट्रे" हे नाव मात्र त्याला शोभत नाही.

शिक्के

देशाचं नाव छापलेलं असेल तर काम सोपं होतं. अमेरिकेने आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं ते १८९०च्या कायद्याने, १८९१ पासून. जपानी मालावर त्या बाजारासाठी आधी "निप्पॉन" येई, १९२१ पासून "जपान". "ऑक्युपाइड जपान" हे शब्द दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या, जपान मित्रराष्ट्रांच्या ताब्यात असतानाच्या काळातले. "वेस्ट जर्मनी" १९४९ ते १९९०, "चेकोस्लोव्हाकिया" १९१८ ते १९९२. ब्रिटिश मालावर "आरडी नं." (रजिस्टर्ड नंबर) आणि पुढे आकडा असेल तर ती १८८४ पासूनची नोंदणी. त्या आकड्यावरून नक्षीच्या नोंदणीचं वर्ष काढता येतं, तो नग बनल्याचं नाही. शिक्का नाही म्हणून ट्रे जुना, असं मात्र समजू नका. कागदी चिठ्ठ्या पडतात, आणि देशातच विकलेल्या मालाला शिक्का लागतही नसे.

शिक्का चौकटीवर असेल तर तो चौकटीचा देश. भरतकामाचा देश वेगळा लिहा.

निष्कर्ष लिहिताना आणि परत बंद करताना

एकच साल लिहू नका, पट्टा लिहा, आणि भागांनुसार: "भरतकाम: चीन, बहुधा १८७० ते १९००. जोडणी: युरोप, १९१५ ते १९३५. काच: १९५९ नंतर बदललेली." प्रत्येक ओळीपुढे कारण द्या: कागदी सोनेरी धागा, प्लायवूड, सपाट प्रतिबिंब. कारण लिहिलेलं असलं की पुढे एखादी खूण चुकीची वाचली असं कळलं तरी बाकीचा निष्कर्ष टिकतो. कुणाचं मत घ्यायचं असेल तर वस्त्रसंग्रह असलेल्या संग्रहालयाकडे मागच्या बाजूचे फोटो आधी पाठवा, समोरचे नंतर.

बंद करताना जुनी फळी फेकू नका. तिच्या आणि कापडाच्या मध्ये आम्लरहित पुठ्ठा घाला. काच थेट रेशमाला टेकत असेल तर कडेने पातळ पट्ट्या देऊन फट ठेवा, नाहीतर ओल धरून कापड काचेला चिकटतं. जुने खिळे त्याच भोकांत परत बसत असतील तर तेच वापरा. नवे वापरावे लागले तर पाठीच्या आतल्या बाजूला शिसपेन्सिलीने तारीख आणि "खिळे नवे, पुठ्ठा नवा" एवढं लिहून ठेवा, म्हणजे पुढे हा ट्रे पालथा करणाऱ्याचा हिशेब तुमच्या दुरुस्तीमुळे चुकणार नाही.